तारेवर तोललेला भविष्यकाळ

१९९२ सालच्या नाताळापूर्वी ब्रिटनमधील खेळण्यांच्या दुकानांपुढे पालकांच्या रांगा लागल्या होत्या. रांगेतल्या बहुतेकांना एकच वस्तू हवी होती : 'मॅचबॉक्स' कंपनीने बाजारात आणलेले 'ट्रेसी आयलंड' हे प्लॅस्टिकचे बेट. डोंगराच्या पोटातून बाहेर येणारे विमान, सरकणारा पोहण्याचा तलाव, बाजूला झुकणारी ताडाची झाडे असा त्याचा सारा थाट होता. नाताळ येण्याआधीच माल संपला आणि कित्येक आईबापांना रिकाम्या हाताने परतावे लागले. अखेर नाताळ उलटल्यावर बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या बालकार्यक्रमात निवेदिका अँथिया टर्नर यांनी पुठ्ठ्याचे खोके, कागदाचा लगदा आणि घरातला टाकाऊ ऐवज वापरून हे बेट घरच्या घरी कसे करावे, याचे प्रात्यक्षिक दाखविले. त्या कृतीचा कागद मागविणाऱ्या पत्रांचा एवढा पाऊस पडला, की बीबीसीच्या नाकीनऊ आले.

नवल वाटावे अशी गोष्ट पुढेच आहे. ज्या मालिकेतले हे बेट, त्या 'थंडरबर्ड्स'चा शेवटचा नवा भाग २५ डिसेंबर १९६६ रोजी दाखविला गेला होता. सप्टेंबर १९९१ पासून बीबीसीने जुनेच भाग पुन्हा दाखवायला घेतले आणि पाव शतकापूर्वीच्या लाकडी चेहऱ्यांच्या बाहुल्यांनी नव्या पिढीला वेड लावले. रांगेत उभ्या असलेल्या बापांपैकी अनेकजण १९६५ मध्ये स्वतः आठ-दहा वर्षांचे होते. खेळणे मुलासाठी होते खरे. पण मुलगा झोपल्यावर ते कोण खेळणार होते, हे दुकानदारांनाही ठाऊक असावे.

विज्ञानकथा आणि कळसूत्री बाहुल्या या दोन गोष्टींची सांगड घालणाऱ्या या मालिकांचा जनक म्हणजे जेरी अँडरसन. जन्म १९२९, मृत्यू २६ डिसेंबर २०१२. त्याच्या कारकिर्दीतला मोठा विरोधाभास हा, की बाहुल्यांच्या जोरावर जगभर नाव मिळविणाऱ्या या माणसाला बाहुल्या मुळीच आवडत नसत. त्याला चित्रपट काढायचे होते, तेही हाडामांसाच्या नटांना घेऊन. १९५७ मध्ये त्याने ऑर्थर प्रॉव्हिस या सहकाऱ्याबरोबर 'एपी फिल्म्स' ही छोटी कंपनी काढली. काम मिळेना, पैसे संपत आले. तेवढ्यात लहान मुलांच्या 'ट्विझल' या मालिकेचे काम चालून आले. पात्रे बाहुल्यांची आहेत हे कळल्यावर त्याचा विरस झाला. पण नाही म्हणण्याची ऐपत नव्हती. मग त्याने ठरविले, की बाहुल्याच करायच्या तर त्या चित्रपटासारख्या करायच्या. कोन बदलत चित्रण, खरे वाटणारे देखावे, नाट्यमय प्रकाशयोजना. कुणीतरी हे पाहील आणि आपल्याला 'खरा' चित्रपट देईल, ही त्यामागची आशा.

ती आशा पुरी व्हायला बराच काळ जायचा होता. तोवर 'फोर फेदर फॉल्स' (१९६०), 'सुपरकार' (१९६१), 'फायरबॉल एक्सएल ५' (१९६२), ब्रिटनमधील पहिली रंगीत चित्रित बालमालिका 'स्टिंगरे' (१९६४), 'थंडरबर्ड्स' (१९६५), 'कॅप्टन स्कार्लेट' (१९६७), 'जो ९०' (१९६८) अशा मालिका एकामागून एक तयार होत गेल्या. लंडनजवळच्या स्लाउ येथील औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या शेजारी हा स्टुडिओ होता. या चित्रणपद्धतीला अँडरसनने 'सुपरमॅरिओनेशन' असे भारदस्त नाव दिले. नाव भपकेबाज असले तरी त्यामागे खरोखरीचे तंत्र होते.

आपल्याकडे रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावांचे तोंड पाठीमागून बोटांनी हलते. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्यांचे बोलणे हे मुख्यतः सूत्रधाराच्या आवाजावर आणि बाहुलीच्या अंगविक्षेपावर उभे असते. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. अँडरसनच्या बाहुल्यांचे ओठ मात्र विजेने हलत. बाहुलीच्या डोक्यात सोलेनॉइड हे विद्युतचुंबकीय उपकरण बसविलेले असे. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असत. त्या आवाजाचे विद्युत संकेत बाहुलीला तोलणाऱ्या तारांमधूनच डोक्यापर्यंत जात आणि शब्दाशब्दाला ओठ उघडत-मिटत. म्हणजे जी तार बाहुलीला उभी करी, तीच तिला वाचाही देई. या तारा केसाएवढ्या बारीक, इंचाच्या दोनशेव्या भागाइतक्या जाडीच्या असत. कॅमेऱ्यात त्या चमकू नयेत म्हणून मागच्या देखाव्याच्या रंगाची पूड त्यांवर फुंकली जाई. इतके करूनही त्या अधूनमधून दिसतच.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. या बाहुल्यांना चालता येत नसे. वजन कमी, पायांवर ताबा नाही. चालायला लावले की दारू प्यायल्यासारख्या हेलपाटत. म्हणून त्यांना शक्यतो कमरेपासून वरच दाखविले जाई. खालून कुणीतरी हलके वरखाली करी आणि प्रेक्षकाने चालण्याची कल्पना करून घ्यायची. बटण दाबणारी बोटे जवळून दाखवायची असली तर खऱ्या माणसाचा हात पडद्यावर येई. आणि पात्राला इकडून तिकडे न्यायचे असले, की लेखक त्याला सरळ एखाद्या वाहनात बसवीत. उडती मोटार, अग्निबाण, पाणबुडी, सरकती खुर्ची, फिरता जिना... अँडरसनच्या भविष्यकाळात जी यंत्रांची रेलचेल दिसते, तिचे मूळ भविष्यवेधी प्रतिभेइतकेच बाहुल्यांच्या लुळ्या पायांतही आहे. तो विज्ञानकथेकडे वळला त्याचे एक मोठे कारण हेच.

पण एकदा वाहने आली, की ती केवळ सोय राहिली नाहीत. ती नायक झाली. याचे श्रेय डेरेक मेडिंग्ज या विशेष दृश्यांच्या कारागिराला द्यावे लागेल. छोट्या प्रतिकृती खऱ्या वाटाव्यात म्हणून त्याने कॅमेऱ्याचा वेग वाढवून चित्रण केले. त्यामुळे पडद्यावर त्यांची हालचाल संथ होई आणि वजनदार भासे. विमान पुढे नेण्याऐवजी ते जागीच टांगून त्याने मागचे आकाश आणि खालचा रस्ता पट्ट्यांवर फिरविला. चकचकीत नवेपणा मोडण्यासाठी प्रतिकृतींवर काजळी, तेलाचे डाग, ओरखडे काढले. यंत्रांचे बारकावे दाखविण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे सुटे भाग त्यांवर चिकटविले. 'थंडरबर्ड १'च्या तळघरातील भिंतीवर चक्क लिंबू पिळण्याचे साधन लावलेले आहे, हे या मालिकेचे चाहते आजही मिटक्या मारीत सांगतात. खेळण्यांचे तुकडे जोडून पडद्यावरची यंत्रे झाली आणि पडद्यावरच्या यंत्रांवरून पुन्हा खेळणी झाली. मेडिंग्ज पुढे जेम्स बाँडच्या चित्रपटांकडे गेला आणि 'सुपरमॅन' (१९७८) या चित्रपटाच्या दृश्यांसाठी ऑस्करचा मानकरी ठरला. त्याच्या हाताखाली उमेदवारी केलेला ब्रायन जॉन्सन पुढे 'एलियन' आणि 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटांपर्यंत पोहोचला. हॉलिवूडच्या अंतराळपटांची एक शाखा स्लाउच्या त्या शेडमधून फुटलेली आहे.

'थंडरबर्ड्स'ची कल्पना सुचली ती एका खऱ्या दुर्घटनेवरून. २४ ऑक्टोबर १९६३ रोजी पश्चिम जर्मनीतल्या लेंगेडे येथील लोखंडाच्या खाणीत पाणी शिरले. २९ कामगार मरण पावले. मात्र दोन आठवड्यांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, जमिनीला भोक पाडून अकराजणांना जिवंत वर काढण्यात आले. भोक पाडणारे अवजड यंत्र दुरून आणावे लागले होते. अशी यंत्रे सज्ज ठेवून जगात कुठेही तासाभरात पोहोचविणारी एखादी संघटना असती तर, हा विचार अँडरसनच्या मनात घोळू लागला. त्यातून जन्माला आली 'इंटरनॅशनल रेस्क्यू' ही काल्पनिक संस्था. जेफ ट्रेसी हा धनाढ्य माजी अंतराळवीर, प्रशांत महासागरातले त्याचे गुप्त बेट, आणि संकटात सापडलेल्यांना सोडविणारे त्याचे पाच मुलगे. मुलांची नावे अमेरिकेच्या 'मर्क्युरी' मोहिमेतील अंतराळवीरांवरून ठेवली : स्कॉट, व्हर्जिल, अॅलन, गॉर्डन आणि जॉन.

मालिकेच्या नावामागे मात्र घरातली आठवण होती. जेरीचा थोरला भाऊ लायोनेल दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होता. वैमानिकाचे प्रशिक्षण घेण्यासाठी तो अमेरिकेत अॅरिझोनाला गेला असताना त्याने घरी लिहिलेल्या पत्रात जवळच्या 'थंडरबर्ड फील्ड' या विमानतळाचा उल्लेख होता. १९४४ मध्ये लायोनेल युद्धात मारला गेला. धाकट्या भावाच्या डोक्यात ते नाव वीस वर्षे राहिले. अनेक देशांतल्या मुलांनी ज्या नावाचा जयघोष केला, ते मुळात मेलेल्या भावाच्या पत्रातले आहे, हे ठाऊक असले म्हणजे मालिकेतला तो अट्टहास वेगळा वाटू लागतो. येथे शत्रूला मारायला कुणी फारसे निघत नाही. विमाने निघतात ती कुणाला तरी वाचवायला.

३० सप्टेंबर १९६५ रोजी पहिला भाग झळकला. मुळात तो पंचवीस मिनिटांचा होता. निर्मितीसाठी पैसा पुरविणारे लू ग्रेड यांनी तो पाहिला आणि एवढी झकास गोष्ट अर्ध्या तासात संपविणे वेडेपणाचे आहे, असे सांगून वेळ दुप्पट करायला लावली. आधीच चित्रित झालेले भाग मग लांबवावे लागले. 'थंडरबर्ड्स'चे पुष्कळसे वैभव या लांबवण्यातच आहे. भिंतीवरचे चित्र कलंडते, व्हर्जिल डोके खाली करून घसरगुंडीवरून जातो, ताडाची झाडे बाजूला झुकतात, कड्याचा दरवाजा पडतो आणि हिरवे, बोजड, देवमाशासारखे 'थंडरबर्ड २' सावकाश बाहेर येते. हा सगळा सोहळा प्रत्येक भागात जवळपास जसाच्या तसा. खरे तर ती वेळ काढण्याची युक्ती आणि आधीच्या चित्रफितीचा फेरवापर. मुलांना मात्र त्या पुनरावृत्तीतच गोडी वाटली. आरती रोज तीच असते म्हणून कुणी कंटाळत नाही, तसे. बॅरी ग्रे यांचे खणखणीत ब्रास बँडचे संगीत या सोहळ्याला साजेसे होते.

अर्थात आज पाहताना काही गोष्टी खटकतात. खलनायक 'हुड' हा पौर्वात्य चेहऱ्याचा, टक्कल असलेला, डोळ्यांतून जादू करणारा. त्याचा सावत्र भाऊ किरानो हा ट्रेसींच्या घरचा आज्ञाधारक नोकर. साम्राज्य मावळत असलेल्या ब्रिटनच्या मनातला पूर्वेविषयीचा संशय आणि स्वप्नरंजन दोन्ही यात उघड दिसते. गतकाळाच्या आठवणीत रमणारे चाहते याकडे काणाडोळा करतात, करू नये. मात्र दोनच वर्षांनी आलेल्या 'कॅप्टन स्कार्लेट'मध्ये कृष्णवर्णीय लेफ्टनंट ग्रीन महत्त्वाच्या हुद्द्यावर आहे आणि लढाऊ विमाने चालविणाऱ्या पाचही वैमानिक स्त्रिया आहेत, हेही नोंदवायला हवे.

'कॅप्टन स्कार्लेट'मध्ये आणखी एक बदल झाला. सोलेनॉइड डोक्यातून काढून छातीत बसविल्याने बाहुल्यांची मोठाली डोकी गेली आणि त्या माणसासारख्या प्रमाणबद्ध झाल्या. अँडरसनचे स्वप्न एक पाऊल जवळ आले. पण गंमत अशी, की बाहुल्या जितक्या माणसासारख्या झाल्या तितका त्यांचा जीव कमी झाला. पार्कर या नाकाड्या शोफरचा, लेडी पेनेलोपीच्या मिजाशीचा गोडवा त्या सुबक चेहऱ्यांत उतरला नाही. जाणकारांमध्ये यावर मतभेद आहेत; तरी बाजारातला कौल स्पष्ट आहे. सर्वांत जास्त प्रेम मोठ्या डोक्याच्याच बाहुल्यांना मिळाले.

खेळण्यांकडे वळायचे तर लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील 'मेकॅनो' कारखान्याचे नाव आधी घ्यावे लागते. फ्रँक हॉर्नबी यांनी उभारलेल्या या कंपनीच्या 'डिंकी' या ओतीव धातूच्या मोटारगाड्या १९३४ पासून प्रसिद्ध होत्या. या गाड्यांचे काही जुने साचे पुढे कलकत्त्याला आले आणि 'निकी टॉइज' या नावाने तिथे खेळणी निघाली, एवढा त्यांचा भारताशी संबंध. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये 'कॉर्गी' आणि 'मॅचबॉक्स' यांच्या स्पर्धेने 'डिंकी'ला घेरले होते. अशा वेळी अँडरसनची वाहने तिच्या मदतीला धावली. १०० क्रमांकाची 'फॅब १' ही लेडी पेनेलोपीची सहा चाकांची गुलाबी रोल्स रॉइस : पुढची जाळी उघडून क्षेपणास्त्र सुटे. १०१ क्रमांकाचे 'थंडरबर्ड २' : बटण दाबले की पोटातली पेटी खाली उतरे आणि तिच्यात इवलीशी पिवळी पाणबुडी, 'थंडरबर्ड ४'. पुढे 'कॅप्टन स्कार्लेट'ची पाठलाग-गाडी आली. 'यूएफओ' (१९७०) या मालिकेचे पडद्यावर पांढरे असलेले लढाऊ यान 'डिंकी'ने हिरव्या रंगात काढले. 'थंडरबर्ड २'ही नंतर हिरव्याचे निळे झाले. असे का, असा जाब मुलांनी विचारला असेल. आज तीच चूक संग्राहकांना मौल्यवान वाटते.

त्याखेरीज हाँगकाँगमध्ये बनलेली प्लॅस्टिकची खेळणी होती. जानेवारी १९६५ पासून निघणारे 'टीव्ही सेंच्युरी २१' हे चित्रकथांचे साप्ताहिक होते, जे आपल्या अंकावर शंभर वर्षे पुढची, म्हणजे २०६५ ची तारीख छापीत असे. जपानमध्ये एनएचके वाहिनीने १९६६ मध्ये 'थंडरबर्ड्स' दाखविली आणि इमाई कंपनीच्या जोडणीच्या खेळण्यांनी तिथल्या मुलांना वेड लावले. यंत्रांच्या उड्डाणाचे ते भक्तिभावाने केलेले चित्रण पुढच्या जपानी अॅनिमेशनमध्ये ठिकठिकाणी ओळखू येते.

इतके यश मिळूनही मालिका बत्तीस भागांतच संपली. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांशी लू ग्रेड यांचा सौदा जमला नाही आणि नवी मालिका विकणे सोपे जाईल, असा त्यांनी हिशेब केला. 'थंडरबर्ड्स'वरचे दोन चित्रपटही पडले. १९६९ नंतर अँडरसन हाडामांसाच्या नटांकडे वळला. 'यूएफओ', 'स्पेस : १९९९' या मालिका झाल्या, पण १९७५ मध्ये पत्नी आणि सहनिर्माती सिल्व्हिया यांच्याशी त्याचा संसार मोडला. लेडी पेनेलोपीला आवाज आणि रूप देणाऱ्या त्याच. आर्थिक ओढाताणीत अँडरसनने जुन्या मालिकांच्या उत्पन्नातला आपला वाटा विकून टाकला. १९९२ मध्ये 'ट्रेसी आयलंड'साठी रांगा लागल्या, तेव्हा त्या विक्रीतला हिस्सा मागण्याचा हक्क त्याच्याकडे राहिला नव्हता. तिकडे बिन्स रोडचा कारखानाही ३० नोव्हेंबर १९७९ रोजी कायमचा बंद झाला होता.

स्टुडिओ बंद पडल्यावर मूळ प्रतिकृतींची फारशी पत्रास कुणी ठेवली नाही. पुष्कळशा मोडल्या, काही कचऱ्यात गेल्या. पडद्यावरची खरी 'थंडरबर्ड्स' अशी नाहीशी झाली आणि दुकानात काही शिलिंगांना मिळालेली त्यांची नक्कल मात्र घरोघरी माळ्यावर टिकली. आता लिलावात त्या नकलांना मान आहे. खोका असेल तर भाव वेगळा, आतला पुठ्ठा शाबूत असेल तर आणखी वेगळा. सर्वांत दुर्मीळ काय, तर 'फॅब १'मधले ते छोटे प्लॅस्टिकचे क्षेपणास्त्र. कारण ज्याने ते खेळणे खरोखर खेळले त्याच्याकडून ते पहिल्या आठवड्यातच सोफ्याखाली हरवले. ही क्षेपणास्त्रे नव्याने बनवून विकणारे व्यावसायिकही आहेत. न खेळलेल्या खेळण्याला किंमत जास्त, हा या बाजाराचा नियम. त्यात बालपण कितपत आहे, हा प्रश्न संग्राहकांनी आपापल्यापुरता सोडवावा.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न अनेक झाले. २००४ मध्ये खऱ्या नटांना घेऊन निघालेला हॉलिवूडपट सपाटून आपटला. त्याच वर्षी 'टीम अमेरिका' या विडंबनपटाने तारा मुद्दाम ठसठशीत दाखवून हशा पिकविला. २०१५ मध्ये संगणकावर घडविलेली पात्रे आणि खऱ्या छोट्या देखाव्यांची नवी मालिका आली, ती बरीच चालली. पण चाहत्यांच्या दृष्टीने खरी घटना त्याच वर्षी स्लाउमध्ये घडली. दिग्दर्शक स्टीफन ला रिव्हिएर यांनी लोकवर्गणी जमवून जुन्याच वसाहतीत जुन्याच पद्धतीने तीन नवे भाग चित्रित केले. संवाद नव्याने बोलविले नाहीत. साठच्या दशकात निघालेल्या ध्वनिमुद्रिकांवरचे मूळ आवाज घेतले. तारा पुन्हा लटकल्या. ज्या तारा लपविण्यासाठी अँडरसनच्या माणसांनी रंगाची पूड फुंकून डोळे शिणविले, त्या दिसाव्यात यासाठी लोकांनी पदरचे पैसे दिले.

अँडरसनला हे पाहता आले नाही. जून २०१२ मध्ये त्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर झाले. स्वतःच्या आजाराविषयी उघडपणे बोलून त्याने अल्झायमर्स सोसायटीच्या कामाला हातभार लावला आणि त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. सिल्व्हिया मार्च २०१६ मध्ये गेल्या. १९६५ मध्ये पार्करला आवाज देणारे डेव्हिड ग्रॅहम यांनी मात्र २०१५ च्या संगणकीय मालिकेतही, नव्वदीच्या उंबरठ्यावर, पार्करचेच काम केले. चेहरे, यंत्रे, तंत्र सगळे बदलले होते. लेडी पेनेलोपीला अदबीने 'येस, मिलेडी' म्हणणारा आवाज तोच होता. सप्टेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ९९व्या वर्षी ते निवर्तले.